मदत हवी आहे, भाच्याच्या घोडीचं पोट दुखते

भाऊ लोकं, घोड्याचं समजणारं कोणी असन तर सांगा. यवतमाळकडचे आम्ही. जावई अंथरुणाला खिळलेले, सोयाबीन गेलं, तेव्हापासून माहा 15 वर्षांचा भाचा वरातीत घोडी नेते अन् घर चालवते. हिरवा चारा संपला म्हणून सोयाबीनचं कुटार टाकलं, तर कालपासून घोडी सारखी पोटाकडे पाहते, लोळते, लीद बंद. डॉक्टरनं इंजेक्शन दिलं, उद्या पुन्हा येणार. शेजारचे म्हणतात तेल पाजा, पण घोड्याला उलटी होत नाही, तेल फुफ्फुसात गेलं तर? रात्रभर फिरवावं का उभी ठेवावी? पोरगं कालपासून जेवलं नाही, गोठ्यातच बसून आहे तिच्या मानेला धरून. घरचे म्हणतात बरी झाली का विकून टाकू, ते तं त्याला अजून सांगितलंच नाही. लवकर सांगा भाऊ.