चावीचे भिंतीवरचे घड्याळ रोज पाच मिनिटे मागे पडते : नागपुरात काय करावे?

इतवारीची_सून
नमस्कार. आमच्या घरी मामाजींच्या काळातले, आठवड्यातून एकदा चावी द्यावी लागणारे टोल्यांचे जपानी घड्याळ आहे. गेल्या दिवाळीआधी ते एका दुरुस्तीवाल्याकडून साफ करून आणले आणि तेव्हापासून ते दिवसाला साधारण पाच मिनिटे मागे पडते. पुन्हा त्याच गृहस्थांकडे नेले असता त्यांनी "जुन्या घड्याळाचे एवढे चालायचेच" असे सांगून परत पाठवले. माझी मर्यादा दीड हजार रुपयांची आहे. आतली यंत्रणा काढून सेलची मशीन बसवायची नाही आणि टोलेही बंद करायचे नाहीत, कारण मामाजींना आता नीट दिसत नाही आणि ते टोल्यांवरच वेळ ओळखतात. बर्डी, महाल किंवा इतवारी भागातला विश्वासू कारागीर सुचवावा, किंवा घरच्या घरी काही करता येण्यासारखे असेल तर सांगावे.

धरमपेठ_३०२
ताई, जुन्या यंत्रावर दीड हजार घालवण्यापेक्षा थोडे पैसे वाढवून नवे घड्याळ घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. मी गेल्या वर्षी नऊ हजारांत घेतलेल्या घड्याळात बारा वेगवेगळ्या सुरावटी आहेत, शिवाय खोलीतला दिवा मालवला की अंधार ओळखून ते आपोआप गप्प होते. आमच्याकडे येणारा प्रत्येक पाहुणा आधी घड्याळाचीच चौकशी करतो.

इतवारीची_सून
मामाजींना रात्री झोप लागत नाही, त्यामुळे त्यांना रात्रीचेच टोले अधिक हवे असतात. आणि नऊ हजार म्हणजे थोडे वाढवून नव्हे.

खामला_चौक
सेलवर चालणारी मशीन बसवून घ्या. काही शे रुपयांत काम होते, लाकडी पेटी तशीच राहते, आणि खाली नुसता शोभेचा लंबकही हलत राहतो. स्फटिकावर चालणारे यंत्र सेकंदाला ३२,७६८ कंपने मोजते, त्याच्या अचूकतेपुढे चावीचे घड्याळ कुठेच टिकत नाही. आमच्या तिन्ही खोल्यांत हेच केले आहे.

हनुमाननगर
वरच्या प्रतिसादाशी सहमत, सेलची मशीनच बसवा. बाकी या दिवसांत घड्याळ मागे पडणारच. नवतपा चालू आहे, पारा ४५ अंशांवर आहे, उष्णतेने धातू प्रसरण पावतो, लंबक लांबतो आणि घड्याळ मंदावते. हे शाळेत शिकवलेले आहे. पाऊस पडला की आपोआप ठीक होईल, एक रुपयाही खर्च करू नका.

गणिताचा_मास्तर
शाळेत शिकवलेले खरे आहे, पण शाळेत आकडेमोडही शिकवली होती. पोलाद दर अंशाला स्वतःच्या लांबीच्या सुमारे दहा लाखांश बारा भागांनी वाढते. नागपूरच्या हिवाळ्यातल्या १२ अंशांपासून आजच्या ४५ अंशांपर्यंतचा पूर्ण फरक धरला, तरी पोलादी दांडीच्या लंबकाचे घड्याळ दिवसाला सुमारे १७ सेकंद मागे पडेल आणि पितळी दांडीचे २७ सेकंदांच्या आसपास. ताईंच्या तक्रारीतली पाच मिनिटे म्हणजे ३०० सेकंद होतात. शिवाय त्यांनी दिवाळीपासून असे लिहिले आहे, म्हणजे भर थंडीतही ते मागेच पडत होते.

आता उपायाकडे येतो. लंबकाचा दोलनकाल लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो. पाच मिनिटे म्हणजे दिवसाचा सुमारे ०.३५ टक्के भाग, म्हणून लांबी त्याच्या दुप्पट, म्हणजे ०.७ टक्के कमी करावी लागेल. ताईंनी एका मिनिटातल्या टिकटिकी मोजाव्यात. त्या १२० भरल्या, तर लंबकाची परिणामी लांबी (म्हणजे तो लटकतो तिथपासून साधारण चकतीच्या मध्यापर्यंतची) जवळजवळ २५ सेंटिमीटर आहे, आणि ती पावणेदोन मिलिमीटरने कमी करायची आहे. चकतीखालचा नट फिरवून चकती तेवढी वर घेतली की प्रश्न संपला.

वर्धा_रोड
मास्तरांनी गुरुत्वाकर्षणाचा विचार केलेला दिसत नाही. आमचे घड्याळ मुंबईत अगदी अचूक चालत असे आणि नागपूरला आणल्यावर बिघडले. समुद्रसपाटीपासून उंची वाढली की गुरुत्व कमी होते आणि लंबक मंदावतो, हे सर्वमान्य आहे.

गणिताचा_मास्तर
विचार केला होता, विस्तारभयास्तव लिहिला नाही. नागपूरची उंची सुमारे ३१० मीटर आहे, तिचा परिणाम दिवसाला चार-पाच सेकंदांहून अधिक होत नाही. आणि आपण मुंबईच्या उत्तरेला आहोत. विषुववृत्तापासून दूर जावे तसे गुरुत्व वाढते, त्यामुळे तेवढाच परिणाम उलट दिशेनेही होतो आणि दोन्ही मिळून हाती फारसे काही उरत नाही. फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ झां रिशे याने १६७२ मध्ये पॅरिसहून विषुववृत्ताजवळच्या केयेनला घड्याळ नेले, तेव्हा ते दिवसाला सुमारे अडीच मिनिटे मागे पडले. एवढ्या मोठ्या अंतराला अडीच मिनिटे, मग मुंबई-नागपूरला काय पडणार? आपले घड्याळ प्रवासातल्या धक्क्याने बिघडले असावे.

जाता जाता सांगतो, सूर्याच्या हिशेबाने नागपूरची स्वतःची वेळ भारतीय प्रमाणवेळेच्या साडेतेरा मिनिटे मागे आहे, कारण प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश रेखांशाची आहे आणि आपण ७९ अंशांच्या जरा पुढे आहोत.

हनुमाननगर
म्हणजे ताईंचे घड्याळ अजून साडेआठ मिनिटे पुढेच आहे. करू नका दुरुस्ती.

मिस्त्री_निवृत्त
मी कारखान्यात फिटर होतो आणि घड्याळांचे काम हौसेने करतो, पैसे घेऊन करत नाही, म्हणून माझ्याकडे आणू नये. नटला हात लावण्याआधी काही गोष्टी पाहाव्या लागतात आणि त्या कोणीच विचारल्या नाहीत.

घड्याळ रोज सारखेच मागे पडते, की चावी दिल्यावर ठीक चालून आठवड्याच्या अखेरीस अधिक मंदावते? रोज सारखे असेल तर दोष लांबीचा आहे. दिवसागणिक वाढत जात असेल तर स्प्रिंगमधला जोर किंवा आतली घाण तपासावी लागेल, तिथे नट फिरवून उपयोग नाही. टिक आणि टॉक यांमधले अंतर कानाला समान वाटले पाहिजे. असमान असेल तर घड्याळ लंगडत चालते आहे असे समजावे आणि पेटी खालच्या बाजूने किंचित डावी-उजवीकडे सरकवून ते समान करावे. काटे एकमेकांना किंवा काचेला घासत नाहीत ना, हे पाहावे. आणि नागपुरातला खास मुद्दा कूलरचा आहे. खिडकीतला कूलर ज्या भिंतीला लागून आहे त्या भिंतीवर घड्याळ असेल, तर पेटीसकट ते थरथरते, आणि लंबक ज्या कागदासारख्या पातळ पोलादी पट्टीवर लटकतो, ती पट्टी ओल्या हवेने गंजते.

मशीनच्या मागच्या प्लेटवर बॅटरीचा उजेड टाकून पाहावे. आसांची टोके ज्या भोकांत फिरतात, तिथे काळपट हिरवा लगदा दिसला तर तेल सुकले आहे. भोक गोल न राहता एका अंगाला ओढल्यासारखे लांबट दिसले तर झीज झाली आहे, आणि तिथे बुश, म्हणजे भोकात बसणारी छोटी नळी, बसवणे हे कारागिराचेच काम आहे. स्प्रिंग भरलेली असताना प्लेटचे स्क्रू कोणीही उघडू नयेत. ती सुटली तर बोटे फाटतात.

महाल_गल्ली
एवढे सगळे कशाला? दोन थेंब खोबरेल तेल सोडा. आमच्या आजोबांनी आयुष्यभर तेच घातले.

मिस्त्री_निवृत्त
खोबरेल तेल साधारण २४-२५ अंशांखाली थिजते. डिसेंबरात नागपूरचा पारा किती उतरतो, हे आपण जाणता. आजोबांचे घड्याळ हिवाळ्यात चालत असे का, हे घरी विचारून पाहावे.

महाल_गल्ली
हिवाळ्यात ते बंदच असायचे, पण आजी म्हणायची की त्याला विश्रांती लागते.

खामला_चौक
म्हणूनच सांगतो, सेलच्या मशीनला तेल लागत नाही.

इतवारीची_सून
मिस्त्रीकाका, आपण सांगितलेले सर्व पाहिले. मागे पडणे सोमवारीही तेवढेच आणि शनिवारीही तेवढेच आहे. टिक-टॉक समान आहे, मिनिटाला १२० भरतात. कूलर दुसऱ्या खोलीत आहे. लगदा दिसला नाही, भोके गोल वाटतात. अडचण अशी आहे की चकतीखालचा नट आधीच वर टेकलेला आहे, पुढे आटेच उरलेले नाहीत.

सदर_छावणी
ताई, लंबक बदलला गेला आहे! आमच्याकडेही हेच झाले. साफ करायला दिलेले घड्याळ किती तरी महिन्यांनी परत आले, तेव्हा त्यात भलत्याच घड्याळाची चावी आणि भलताच लंबक होता. विचारायला गेलो तर दुकानदार म्हणतो, "तुमच्या नावाच्या पिशवीत हेच होते." तेव्हापासून मी या शहरात घड्याळच काय, छत्रीसुद्धा दुरुस्तीला देत नाही.

मिस्त्री_निवृत्त
यांच्या रागाचे सोडा, पण निदान बरोबर वाटते. नट वरच्या टोकाला आणि तरीही पाच मिनिटे मागे, याचा अर्थ दांडी या यंत्रासाठी लांब आहे. साफ केल्यापासूनच दोष सुरू झाला, हेही त्याला धरून आहे. नवा लंबक शोधण्याची गरज नाही. दांडीच्या वरच्या टोकाचा आकडा पकडीने किंचित अधिक वळवावा, म्हणजे चकती दोन मिलिमीटर वर येईल. मग नट थोडा खाली घेऊन बारीक जुळवणी करता येईल. दांडी कापू नये.

धरमपेठ_३०२
जुन्या तारेला पकड लावली की ती तुटते. नवे घड्याळ घ्यावे.

गणिताचा_मास्तर
मिस्त्रींचा उपाय योग्य आहे. केवळ माहितीसाठी नमूद करतो की लंडनच्या वेस्टमिन्स्टरच्या घड्याळाची, ज्याला आपण बिग बेन म्हणतो, जुळवणी लंबकावर जुने पेनी ठेवून करतात. एक पेनी ठेवला की घड्याळ दिवसाला ०.४ सेकंद पुढे जाते, कारण चकतीच्या वर वजन वाढले की लंबक आखूड असल्यासारखा वागतो. दांडीच्या मधोमध ठेवलेल्या वजनाचा परिणाम सर्वाधिक असतो. ताईंच्या लंबकाची चकती १५० ग्रॅमच्या आसपास असेल, तर मध्यावर चार ग्रॅम वजन अडकवल्यास घड्याळ दिवसाला पावणेपाच मिनिटांच्या जवळपास पुढे येईल. अर्थात हा घरी करण्याचा उपाय नव्हे.

मिस्त्री_निवृत्त
मास्तर, लोकांच्या डोक्यात असल्या कल्पना भरवू नका. मेणाने चिकटवलेले नाणे नागपूरच्या मे महिन्यात टिकेल का? आकडा वळवा, दोन मिनिटांचे काम आहे.

इतवारीची_सून
सर्वांचे आभार. चकती स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवली, ती १४६ ग्रॅम भरली. मामाजींच्या पेटीत भोकाचे पैसे होते, त्यांतले दोन मिळून चार ग्रॅमच्या जरा आत भरले. ते दांडीच्या मधोमध जाड दोऱ्याने घट्ट बांधले. मेण वापरले नाही. मागे पडणे आता मिनिटाच्याही आत आले आहे. आकडा वळवणार नाही, कारण मूळ लंबक कधी तरी परत मिळेल अशी मामाजींना आशा आहे, आणि तोवर या लंबकाला कोणी पकड लावू नये असे ते म्हणतात.

मिस्त्री_निवृत्त
चालते आहे तर चालू द्या. पण दोरा सैल पडत नाही ना, हे पाहत राहा. आणि साफ केलेल्या घड्याळाला काही वर्षांनी पुन्हा तेल लागते. ते घड्याळाचेच तेल असावे, आणि ते फक्त आसांच्या टोकांना द्यावे, चाकांच्या दात्यांना नव्हे.

नाणेसंग्राहक_गांधीबाग
भोकाचे पैसे १९४३ ते १९४७ या काळातच निघाले. आपल्याकडचे कोणत्या सालचे आहेत? माझ्या संग्रहात पाचही वर्षांचे आहेत आणि सगळे एकाहून एक लखलखीत आहेत. दोऱ्याने नाण्याची झळाळी जाते, तेव्हा कृपया सोडून ठेवावेत. योग्य किंमत देईन.

इतवारीची_सून
दोन्ही १९४४ चे आहेत. सध्या कामावर असल्यामुळे देता येणार नाहीत.