फ्लिप टर्न शिकताना नाकात पाणी जातं आणि कोलांटी वाकडी होते

काठावरची:
फ्रीस्टाईल आता बऱ्यापैकी जमायला लागलंय. न थांबता पोहता येतं, श्वासही दोन्ही बाजूंनी घेता येतो. अडतं ते भिंतीपाशी. हाताने कठडा धरायचा, पाय खाली घ्यायचे, वळायचं आणि पुन्हा निघायचं, यात प्रत्येक वेळी लय तुटते. म्हणून फ्लिप टर्न, म्हणजे भिंतीपाशी पाण्यातच कोलांटी मारून पायांनी भिंत ढकलत परत फिरणं, शिकायचा मनापासून प्रयत्न चालू आहे. व्हिडिओ पुष्कळ पाहिले, पण त्यात सगळं डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच उरकतं.

कोलांटी मारली की नाकात पाणी जातं आणि कपाळापर्यंत ठणका लागतो. अंग सरळ फिरत नाही, दर वेळी उजवीकडच्या दोरीकडे कलते. आणि पाय भिंतीला कधी लागतात, कधी हवेत मारल्यासारखे पाण्यातच राहतात. चार-पाच लागोपाठ मारल्या की गरगरतंसुद्धा. वयाची चाळिशी उलटली आहे. मोठेपणी शिकलेल्यांनी हे कसं जमवलं ते सांगा.

निळी टोपी:
नोज क्लिप, म्हणजे नाकाचा चिमटा, लावून बघा. नाकाची भीती गेली की बाकीच्याकडे लक्ष देता येतं. स्पर्धेतही क्लिप लावणारे असतात, त्यात कमीपणा काही नाही.

चौथी लेन:
ताई, काही दिवस भिंतीकडे फिरकूच नका. मी मोठ्या माणसांना पोहायला शिकवतो. टर्न शिकायला आलेला जवळजवळ प्रत्येक जण पहिल्याच दिवशी भिंतीवर चाल करून जातो. भिंत अंगावर येताना दिसली की माणूस श्वास धरून ठेवतो, आणि तिथेच सगळं बिघडतं.

डोकं उलटं झालं की नाकपुड्या वरच्या दिशेला येतात. आतली हवा बुडबुडा होऊन निसटते आणि तिच्या जागी पाणी शिरतं. त्यामुळे नाकातून हवा बाहेर येत राहिलीच पाहिजे. ओठ मिटून लांब हुंकार द्या. तोंड बंद असताना हुंकार नाकातूनच निघतो, मुद्दाम नाक शिंकरावं लागत नाही. हनुवटी खाली जायच्या क्षणी सुरू करा. बहुतेक जण पाय भिंतीला लागले की सुटलो म्हणून हुंकार थांबवतात. पण त्या वेळी तुम्ही उताण्या असता, नाकपुड्या अजून वरच असतात, आणि पाणी नेमकं तेव्हा घुसतं. म्हणून पुन्हा पालथं होईपर्यंत तो चालू राहायला हवा. हवा एकदम सोडू नका, बारीक धारेने पुरवा. क्लिपला माझा विरोध नाही, पण हुंकार जमला की तिची गरज बहुतेकांना उरत नाही.

आता कोलांटी. पाणी छातीपर्यंत तरी हवं, त्याहून उथळ जागी डोकं तळाला लागू शकतं. संथ फ्रीस्टाईल करत या, एक हात मांडीशी राहू द्या, दुसराही ओढून मांडीशी आणा. दोन्ही तळवे तळाकडे. मग हनुवटी छातीला, दोन्ही पायांची मिळून एक छोटी डॉल्फिन किक, कंबर वर, गुडघे पोटाशी. तळव्यांनी पाणी डोक्याच्या दिशेने दाबायचं. तुम्ही उजवीकडे कलता कारण बहुधा एक हात अजून पुढे असतो, किंवा शेवटच्या स्ट्रोकला श्वासासाठी मान वळलेली असते. यावर चांगला सराव म्हणजे दोन्ही हातांत एकेक किकबोर्ड (पोहण्याच्या सरावाची तरंगती फळी) धरून, हात मांडीशी ठेवून कोलांटी मारणं. एक हात जरी जास्त ओढला तरी बोर्डामुळे लगेच हाताला कळतं.

एक गोष्ट पाण्यात उतरून स्वतः पाहाच. हात आपण जिथे सोडले तिथेच जवळजवळ राहतात, फिरतं ते शरीर. कोलांटी अर्धी झाली की तेच हात आपोआप डोक्याच्या पुढे, परत जायच्या दिशेला आलेले असतात. हात गोल फिरवून पुढे आणायला गेलात की वेळही जातो आणि अंगही तिरकं होतं. आणि हो, अर्धीच. पूर्ण कोलांटी मारायची नाही. उताणं झालात की फिरणं संपलं.

हे पूलच्या मध्यावर, दोरीपासून दूर, सरळ येऊ लागलं की मगच भिंत. तिथेही मान वर करून भिंत बघू नका, कारण मान वर गेली की कंबर बुडते. तळावरची काळी रेघ बघा. स्पर्धेच्या मापाच्या पूलमध्ये ती भिंतीच्या 2 मीटर आधी संपते आणि तिथे 1 मीटर लांबीची आडवी रेघ असते. त्या आडव्या रेघेपासून आपले किती स्ट्रोक बसतात हे ज्याचं त्याने ठरवायचं. उंची, वेग, हाताची लांबी यावर ते अवलंबून आहे, दुसऱ्याचा आकडा उपयोगाचा नाही. पाय टेकले तेव्हा गुडघे जवळजवळ सरळ असतील तर कोलांटी लांबून झाली, ढकलायला जोर राहणार नाही. गुडघे छातीत रुतले तर फार जवळून. दोन्हींच्या मधलं, खुर्चीवर बसल्यासारखं वाकलेलं हवं.

आणि भिंतीवर असताना पालथं व्हायची घाई करू नका. पायाची बोटं वरच्या दिशेला, उताणंच ढकला, हात कानांच्या मागे ताठ, तळवा तळव्यावर. निघाल्यावर, सरकता सरकता पालथ्या व्हा.

गरगरण्याबद्दल: डोळे उघडे ठेवा, दोन-तीन मारून थोडं साधं पोहा, मग पुन्हा. बाहेर आल्यावरही चक्कर टिकत असेल, किंवा कानाचं वा मानेचं जुनं दुखणं असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

लांब पल्ला:
वरचं सगळं पटलं. श्वासाबद्दल माझी भर. भिंतीआधीच्या शेवटच्या दोन स्ट्रोकमध्ये श्वास घेऊ नये म्हणतात, ते खरं आहे, पण त्यासाठी त्याआधीचा श्वास पोटभर घ्यावा लागतो. बाहेर आल्यावर पहिल्याच स्ट्रोकला तोंड वळवू नका, सरकण्याचा सगळा वेग तिथे मरतो. सुरुवातीला हे फार जड जातं. म्हणून प्रत्येक भिंतीवर टर्न मारायचा हट्ट नको. एका टोकाला फ्लिप, दुसऱ्या टोकाला साधा टर्न, असं केलं तर दम टिकतो.

लांब अंतराला याची किंमत कळते. 1500 मीटरला 50 मीटरच्या पूलमध्ये 29 टर्न येतात, 25 मीटरच्या पूलमध्ये 59. फ्रीस्टाईलमध्ये हात लावायची सक्ती नाही, शरीराचा कुठलाही भाग भिंतीला लागला की चालतं. त्यामुळे पाय लागले की काम झालं. थकलेल्या पायांनी जोरात ढकललं तर पोटरीत गोळा येतो, तेव्हा हा सराव पोहण्याच्या सुरुवातीला, अंग गरम झाल्यावर लगेच करा.

काठावरची:
हुंकाराने नाकाचा प्रश्न सुटला! किकबोर्ड धरून कोलांटीही सरळ येतेय. आता भिंतीवर गेले तर ढकलल्यावर थेट तळाकडे जाते. आणि बॅकस्ट्रोकला, म्हणजे उताणं पोहताना, हाच टर्न चालतो का?

चौथी लेन:
वा, मग अवघड भाग मागे पडला. तळाकडे जाताय म्हणजे पाय भिंतीवर फार वर टेकताहेत. भिंतीवर अधिकचं चिन्ह असेल तर त्याची आडवी रेघ पाण्याखाली 30 सेंटिमीटरवर असते, पाय त्याच्या आसपास येऊ द्या. आणि ढकलण्याआधी हाताच्या बोटांची टोकं कुठे रोखली आहेत ते तपासा. बोटं जिकडे, अंग तिकडे.

बॅकस्ट्रोकला चालतो. भिंतीच्या 5 मीटर आधी वर झेंडे असतात, तिथून स्ट्रोक मोजायचे, पालथं व्हायचं, हाताची एकच सलग ओढ आणि लगेच कोलांटी. पालथं होऊन नुसतं सरकत किंवा किक मारत राहिलं तर बाद करतात. भिंत सोडताना मात्र उताणंच, म्हणजे तुम्हाला नंतरचं पालथं होणंही वाचलं. ब्रेस्टस्ट्रोक आणि बटरफ्लायला हा टर्न नाही, तिथे दोन्ही हात एकाच वेळी भिंतीला लावावे लागतात.