झोपडपट्टी पुनर्वसन (झोपु) योजना: ५१ टक्के सह्या म्हणजे वस्तीचा होकार धरायचा का?

मोजमाप:
मुंबईत झोपडपट्टी पुनर्वसनासाठी लागणारी संमती ७० टक्क्यांवरून ५१ वर आणली. माझ्या मते हे चुकलं. टक्के मोजतात ते परिशिष्ट-२ मधल्या, म्हणजे पात्रतेच्या सरकारी यादीतल्या, झोपडीधारकांचे. २०० झोपड्यांच्या वस्तीत १४० पात्र ठरल्या, तर ७२ सह्यांवर योजना पुढे सरकते. पोटमाळ्यावरचा भाडेकरू या हिशेबात कुठेच नाही.

आणि सही घेतात कशावर? विकासकाचं नाव आणि ३०० चौरस फुटांचं घर, बस. मजले किती, दोन इमारतींत अंतर किती, हे सही करणाऱ्याने बहुधा पाहिलेलंच नसतं. म्हणून नकाशा बदलला की पुन्हा मत घ्यायला हवं. नियम हेक्टरी किमान ६५० घरं मागतो, मोकळ्या जागेत सवलतही देतो. गोवंडीची पुनर्वसन वसाहत, नटवर पारेख कंपाउंड बघा. इमारतींमध्ये जेमतेम ३ मीटर. खालच्या मजल्यावर भरदुपारी दिवा लावावा लागतो, आणि २०१८ च्या पाहणीत तिथेच क्षयाचे रुग्ण जास्त सापडले.

गिरणगावचा_इंजिनिअर:
अंधाराचा मुद्दा शंभर टक्के मान्य. पण तो संमतीच्या आकड्याने सुटत नाही. ७० ची अट असताना काय व्हायचं? दुसरा बिल्डर वस्तीत शिरायचा, ३१ टक्के लोक फोडायचा, की योजना कोर्टात. बोरिवलीची एक योजना २००३ पासून रखडली. २०२४ च्या जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिचा निकाल देताना मुंबई उच्च न्यायालयाला अख्ख्या झोपडपट्टी कायद्याची झाडाझडती घ्यायला सांगितलं. ७० टक्क्यांनी कुणाला वाचवलं? इतकी वर्षं पत्र्याखाली पाऊस काढणाऱ्यांचाही आवाज असतोच की.

मोजमाप:
योजना रखडतात त्या विकासकाकडचा पैसा संपतो म्हणूनही. त्याचं खापर नकार देणाऱ्यांवर फोडू नका.

सोसायटीचा_हिशेब:
दोघेही सहीच्या दिवसापाशी अडकलात. खरी गळचेपी त्यानंतर होते, दोनदा.

पहिली वेळ झोपडी पाडताना. ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकानुसार विकासकाने झोपडीधारकांच्या तात्पुरत्या घराचं दोन वर्षांचं भाडं आगाऊ भरायचं आणि तिसऱ्या वर्षाचे पुढच्या तारखांचे धनादेश द्यायचे. भरणा झाल्याचा कागद हातात आल्याशिवाय एकानेही किल्ली देऊ नये. अर्धी वस्ती मोकळी झाली की उरलेल्यांचं पाणी, वीज, रस्ता सगळंच तुटतं, मग अटी घालायला जागा राहत नाही.

दुसरी वेळ ताबा मिळाल्यावर. देखभालीसाठी घरामागे ठेव मिळते; ती ४०,००० रुपये धरू. ६ टक्क्यांनी वर्षाला २,४००, म्हणजे महिन्याला २०० रुपये. २२ मजल्यांच्या इमारतीत दोन लिफ्ट, पाण्याचे पंप, आगीची यंत्रणा, सामायिक वीज, हे २०० रुपयांत कसं भागणार? आधी लिफ्ट बंद पडते, मग थकबाकी, मग वरच्या मजल्यावरची म्हातारी माणसं घरातच अडकतात. मजले ठरतात तेव्हाच लोकांना विचारायला हवं ते यासाठी.

गिरणगावचा_इंजिनिअर:
हिशेब बरोबर आहे, ठेव मजल्यांच्या प्रमाणात वाढायलाच हवी. पण नकाशा बदलला की पुन्हा मतदान, हे मला पटत नाही. विमानतळाची उंचीमर्यादा, अग्निशमन दलाचे शेरे, पायाचा खडक, यांपायी नकाशा तीन-चारदा तरी बदलतो. दरवेळी सभा बोलावली तर भाड्याची दोन वर्षं कागदातच जातील.

मोजमाप:
दरवेळी नको. तीनच बदलांना सभा लावा: मजले वाढले, दोन इमारतींतलं अंतर घटलं, किंवा बालवाडी-मैदानाची जागा हलली. आणि त्या सभेत तांत्रिक भाषेतला नकाशा टेबलावर ठेवून भागणार नाही. चुन्याने जमिनीवर ३ मीटर आखा आणि लोकांना त्यात उभं करा.

सोसायटीचा_हिशेब:
शेजारी महिन्याच्या देखभालीचा आकडाही लिहा. घरकाम करणाऱ्या बाईला चौरस फुटांपेक्षा तो आधी कळतो.