मदत हवी आहे: नुसत्या बीएसएनेही (गाईचं अल्ब्युमिन, पामिटेटचं वाहक प्रथिन) स्नायूपेशींत दाह दिसतोय (नाशिक)

सी2सी12 पेशी (उंदराच्या स्नायूपेशी) 5 दिवस 2% हॉर्स सीरममध्ये ठेवून मायोट्यूब्ज (जुळून लांब झालेल्या स्नायूपेशी) केल्या. मग बीएसएला बांधलेलं 0.5 मिलिमोलर पामिटेट (संपृक्त फॅटी अ‍ॅसिड) 16 तास, 3 तास सीरमविना, शेवटी 100 नॅनोमोलर इन्सुलिन 10 मिनिटं. पामिटेटने एकेटीचं (इन्सुलिनचा संदेश पुढे नेणारं प्रथिन) सेरीन 473 वरचं फॉस्फोरिलेशन घटतं, ते अपेक्षितच. पण फक्त बीएसए दिलेल्या कंट्रोलमध्येही आयकप्पाबी-अल्फा (दाहाचा मार्ग रोखून धरणारं प्रथिन) कमी, म्हणजे दाह सुरू! संशय बीएसएमधल्या एंडोटॉक्सिनवर (जिवाणूंच्या आवरणातलं विष). ते टीएलआर4 या पेशीवरच्या ग्राहक प्रथिनामार्फत हाच दाहाचा मार्ग चेतवतं, मग पामिटेटचा वाटा वेगळा काढायचा कसा?

थंडीत पामिटेट लगेच गोठतं, म्हणून 70 अंशांवर विरघळवून 37 अंशांच्या बीएसएत थेंबथेंब घालतो. द्रावण गढूळ नाही.

नाशकात एलएएल (एंडोटॉक्सिन मोजणारी) चाचणी कुठे होते? फॅटी अ‍ॅसिडमुक्त, कमी एंडोटॉक्सिनचं थोडं बीएसए कुणाकडे आहे का? ओलिएटचा (असंपृक्त फॅटी अ‍ॅसिड) कंट्रोलही लावावा?