विषय: उत्तर: शनिवार – सब लावायचा का?

सांस्कृतिक समिती
मंडळी, शाळेचा हॉल दोनला मिळतोय, सहाला कार्यक्रम. दिवाळीसारखा गोंधळ नको. नाट्यगीतात डग्ग्याशिवाय काही ऐकू आलं नव्हतं. सब (सबवूफर, खालच्या सुरांचा मोठा स्पीकर) ज्यांच्या गराजमध्ये आहे त्यांनी व्हॅनची वेळ कळवावी.

मिल्पिटासवाले काका
सब बिघडलेला नाही, हे आधी लिहून घ्या. दिवाळीला कुणीतरी हौसेने वाय-केबल (एका सिग्नलचे दोन फाटे करणारी) लावून मिक्सरचा सिग्नल टॉप (स्टँडवरचे मुख्य स्पीकर) आणि सब दोघांना थेट दिला. सब १०० हर्ट्झच्या वर गप्प बसतो, पण टॉपना खाली गप्प बसायला कोणी सांगितलं होतं? ६० ते १०० दोघंही वाजवणार, आणि डग्गा घुमतो तो नेमका तिथेच. या वेळी मिक्सरमधून सबमध्ये, सबच्या आउटपुटमधून टॉपमध्ये. सबच्या मागचं बारीक बटण 'हाय-पास'वर, म्हणजे टॉपकडे फक्त वरचे सूर जातील. 'थ्रू'वर राहिलं तर सगळंच पुढे जाणार, पुन्हा दिवाळीच.

खजिनदार
दीडशे माणसांच्या हॉलला सब हवाच का? व्हॅनचं भाडं कोण देणार?

निवेदिका
भाड्याचं नंतर बघा. मी 'प्रिय प्रेक्षकहो' म्हटलं की सबमधून धप्प होतं. 'प' टाळून निवेदन लिहू का?

सनीव्हेलचे तबलजी
ताई, मिक्सरवर तुमच्या माइकच्या चॅनलचं लो-कट (खालचे सूर कापणारं बटण) दाबायचं, बस. बायकांच्या बोलण्याचा मूळ सूर साधारण १६० हर्ट्झच्या वरच असतो. त्याखाली जातो तो श्वास आणि स्टेजवरची पावलं. माझ्या डग्ग्याचं लो-कट मात्र कुणी दाबू नये, साउंड चेकला मी स्वतः बघणार आहे. खरं तर सब वेगळ्या ऑक्सवर (मिक्सरच्या स्वतंत्र आउटपुटवर) घ्या. डग्गा, ढोलकी आणि लावणीचा ट्रॅक एवढंच त्यात सोडा. खजिनदारसाहेब, तो ट्रॅक नुसत्या टॉपवर वाजवून बघा, स्पीकरचे पडदे फडफडायला लागतील.

मिल्पिटासवाले काका
ऑक्सवर घेतलात तर टॉपचा सिग्नल सबमधून जाणारच नाही. मग टॉपचं हाय-पास कुठून आणणार? नव्या स्पीकरना मागे मेनू असतो, आपल्यांना एकच नॉब. लो-कट दाबा आणि माझ्या जोडणीला हात लावू नका.

फ्रीमाँटच्या ताई
जोडणी काकांची, पण जागेचं काय? मागच्या वेळी सब स्टेजखाली पुढे आणि टॉप मागे स्टँडवर. १०० हर्ट्झच्या लहरीची लांबी ३.४ मीटर. दोघांत १.७ मीटरचं अंतर पडलं की दोघं एकमेकांना खातात, म्हणजे हॉलमध्ये कुठे घुमणार, कुठे पोकळ. सब टॉपच्या रांगेतच ठेवा. मग १०० हर्ट्झचा टोन लावून एकाने पाचव्या रांगेत बसायचं, दुसऱ्याने सबचं फेजचं (लहर उलटवणारं) बटण ० आणि १८० करायचं. ज्यात जास्त ऐकू येईल ते ठेवायचं. मिक्सरपाशी बसून ठरवू नका, मिक्सर भिंतीला टेकलेला असतो, तिथे बास फुगतोच.

खजिनदार
म्हणजे भाडं मंजूर समजायचं?

सांस्कृतिक समिती
मंजूर. काका, दीडला निघा. पाचव्या रांगेत तबलजी नको, त्यांना डग्गा कधीच पुरेसा वाटत नाही.

सनीव्हेलचे तबलजी
हे कुठल्या बैठकीत ठरलं?

मिल्पिटासवाले काका
दोन लांब एक्सएलआर केबल अजून परत आलेल्या नाहीत. ज्यांच्याकडे आहेत त्यांनी शनिवारी घेऊन या, नाहीतर डावा टॉप मुका.