कुपनांसाठी घेतल्या जाणाऱ्या जादा अंकांचा खर्च कसा कमी करावा?

नमस्कार. जळगावात आमच्या घरी एक मराठी दैनिक नियमित येते. परंतु त्यातील बक्षीस योजनेची कुपने सासूबाई आणि जाऊबाई या दोघींनाही आपापल्या प्रवेशिकेवर चिकटवायची असल्याने रोज जादा अंक घ्यावा लागतो, आणि रद्दीतून त्या किमतीचा अगदी थोडा भाग परत मिळतो. सासूबाईंची हौस मला मोडायची नाही. छायाप्रत चालत नाही, आणि वाचनालयातील अंक कापणे मुळीच योग्य नाही. भुसावळ, चाळीसगाव किंवा धुळ्यातील ज्यांनी अशा प्रवेशिका पूर्ण केल्या आहेत, त्यांनी कृपया सांगावे: योजनेत भाग न घेणाऱ्या शेजाऱ्यांकडून कुपने मागून घ्यावीत, की विक्रेत्याकडे उरलेले अंक कमी दरात मिळतात? दुसऱ्या अंकाची वार्षिक वर्गणी भरल्यास खरोखर बचत होते का?