दोघांचं खाणं आणि बाळाचं वजन

"दोन जिवांची आहेस, दोघांचं खा" हा सल्ला गरोदर बाईला सरसकट देऊ नका. किती वजन वाढावं हे आई मुळात केवढी आहे त्यावर ठरतं. अमेरिकेतल्या २००९ च्या शिफारशींनुसार बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचं माप) १८.५ च्या खाली असेल तर साडेबारा ते अठरा किलो, ३० च्या वर असेल तर पाच ते नऊच.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांच्या गटाने १९९० च्या दशकात आसपासच्या खेड्यांतल्या गर्भवतींचा अभ्यास केला. बाळं सरासरी २.७ किलोच्या आसपास, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांपेक्षा बरीच हलकी. दंड बारीक, पण पाठीच्या कातडीखालची चरबी त्या मानाने टिकलेली! पुढच्या मधुमेहाची बीजं इथेच असावीत, असं ते मांडतात. आणि बाळाच्या वजनाशी संबंध दिसला तो दूध, पालेभाज्या, फळांचा. नुसत्या उष्मांकांचा नाही. म्हणजे सासूबाईंनी तुपाऐवजी मेथीचा आग्रह धरावा.

आईचं वजन जास्त असेल तर गरोदरपणातल्या मधुमेहाची शक्यता वाढते. आईची जादा साखर वारेतून बाळाकडे जाते, बाळ जास्त इन्सुलिन बनवतं. नाळ कापली की साखर थांबते, इन्सुलिन मात्र तसंच राहतं, आणि बाळाची साखर खाली जाऊ शकते. म्हणून अशा बाळांच्या टाचेला टोचून साखर तपासत राहतात.